शाळा झाली, मास्तर राहणार कुठे?

टांझानियाच्या खेड्यांमधून गाडीने जाताना एक गोष्ट सारखी दिसते. चार भिंती उभ्या, दारं-खिडक्यांची नुसती भोकं, वर छप्पर नाही आणि आत कमरेएवढं गवत. सुरुवातीला मला वाटायचं जुनी पडकी घरं असतील, पण ह्या शाळेच्या अर्धवट राहिलेल्या खोल्या असतात, इकडे त्यांना माबोमा म्हणतात. गावाने श्रमदानाने लिंटेलपर्यंत, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरच्या आडव्या पट्टीपर्यंत, भिंती आणायच्या आणि पुढचं सरकारने किंवा कुणा देणगीदाराने करायचं अशी इथली पद्धत. विटा गावातच थापतात, भट्टी रचून वरून मातीने लिंपतात आणि खालून लाकडं घालून भाजतात, वाळू नदीची, पाणी बायका डोक्यावरून आणतात, प्रत्येक घराला ठरवून दिलेलं असतं की तुम्ही इतक्या विटा, तुम्ही इतकी वाळू. म्हणजे भिंतीपर्यंत पैसा फारसा लागतच नाही, लागतात ते हात, आणि हात गावात भरपूर आहेत. गाडी अडते ती सिमेंट, कैच्यांचं (छपराच्या तिकोनी सांगाड्यांचं) लाकूड आणि पत्र्यांपाशी, कारण ह्या गोष्टी रोख पैसे देऊनच येतात.

हे एवढं आधी सांगितलं कारण बाहेरच्या देशातून शाळा बांधायला येणाऱ्या मुलांबद्दल लिहायचंय आणि हे माहीत नसेल तर ती मुलं नक्की कुठे उपयोगी पडतात ते कळत नाही.

मी दार एस सलामला राहते, नोकरी इथलीच, स्वाहिली बाजारात भाजी घेता घेता आली. त्या स्वाहिलीमुळे एका जुलैत इरिंगाकडच्या गावात जायला मिळालं, युरोपातल्या विद्यार्थ्यांचा एक ग्रुप शाळेची खोली बांधायला येणार होता आणि त्यांना दुभाषा हवा होता. मिकुमीच्या जंगलातून जाणारा हायवे, पुढे बाओबाबची झाडं, मग कितोंगा घाट चढला की हवाच बदलते, जुलैत तिकडे रात्री चांगला स्वेटर लागतो. आणि कोरडे महिने असल्यामुळे बांधकामाचा सीझनही तोच, पाऊस नोव्हेंबरनंतर.

पहिल्याच दिवशी आंब्याखाली गावाची मीटिंग झाली. ग्रुपच्या लीडरने नवीन वर्गखोलीचा प्लॅन दाखवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग हेडमास्तर उठून अगदी नम्रपणे म्हणाले की खोली मिळाली तर आनंदच आहे, पण आमच्याकडे मास्तर टिकत नाहीत. सरकार नेमणूक करतं, नवीन मास्तर बसने येतो, गावात भाड्याने घ्यायला धड खोली नाही, लाइट नाही, मग तो काही महिन्यांत बदलीच्या मागे लागतो. शेजारीच त्यांनी बांधायला घेतलेलं मास्तरांचं घर होतं, भिंती झालेल्या, छपराविना दोन पावसाळे खाल्लेलं. ते आधी पूर्ण करता येईल का?

मी हे भाषांतर करून सांगितलं आणि लीडर बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांची अडचण मला समजत होती, देणगी 'वर्गखोली' म्हणून गोळा केली होती, ज्यांनी पैसे दिले त्यांना बाकांवर बसलेल्या मुलांचा फोटो हवा असतो, मास्तरांच्या घराचा फोटो कोण बघणार? पण त्या रात्री त्यांनी घरी फोन केले, सगळ्यांना नीट समजावलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन म्हणाल्या, घर करूया. मला त्या बाईंबद्दल आजही फार आदर वाटतो.

मग काम सुरू झालं. प्रमुख होता गावचा फुंडी, म्हणजे गवंडी, आणि सगळे त्याच्या हाताखाली. पावसाने धुपलेले वरचे थर आधी काढून पुन्हा रचावे लागले. पोरं विटा वाहत होती, सिमेंट-वाळूचा मसाला कालवत होती, आणि त्यांच्यातली एक सिव्हिल शिकणारी मुलगी दिवसभर फुंडीच्या शेजारी उभी राहून तो ओळंबा कसा धरतो ते बघत होती. पत्र्यांवरून थोडी चर्चा झाली, 30 गेजचे स्वस्त पडत होते पण ते पातळ असतात, गावाचं म्हणणं 28 चेच घ्या, आणि तेच घेतले. दुपारी उगाली (मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा), घेवड्याची उसळ आणि कचुंबरी, सगळे एकत्र जेवायचे. कैच्या चढवायच्या दिवशी तर शेतातली कामं टाकून अर्धं गाव आलं होतं!

फॉरेनच्या पोरांनी तिथे येऊन विटा उचलण्यात काय अर्थ, तेवढे विमानाचे पैसे पाठवून द्या, असं खूपजण म्हणतात. हिशेबाने ते खरंच आहे, मी नाकारत नाही. पण ती पोरं आली नसती तर ते पैसे जमलेच नसते आणि मीटिंगमध्ये हेडमास्तरांचं ऐकायला समोर कुणी नसतं. माझं म्हणणं एवढंच की येताना प्लॅन पक्का करून येऊ नका, गावाला काय अडलंय ते गावालाच माहीत असतं. इरिंगाचंच बघा, अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या लुथरन चर्चवाल्यांचं इथल्या चर्चशी ऐंशीच्या दशकापासून नातं आहे, तिकडचे लोक वर्षानुवर्षं येतात, मुलांच्या फिया भरतात, त्यामुळे गाव त्यांच्याशी मोकळेपणाने बोलतं. एकदाच येऊन गेलेल्याला गाव खरी अडचण सांगेलच असं नाही.

बुर्किना फासोतल्या गांदोचं उदाहरण मला फार आवडतं. फ्रान्सिस केरे तिथल्या गावप्रमुखाचा मुलगा, गावात शाळाच नसल्यामुळे लहानपणी घर सोडावं लागलेला, पुढे बर्लिनला आर्किटेक्चर शिकत असतानाच त्याने 1998 मध्ये संस्था काढली, जर्मनीत पैसे जमवले आणि 2001 ला गावकऱ्यांच्याच हातांनी शाळा उभी राहिली. मातीच्या विटा, वर उंच उचललेला पत्रा, त्यामुळे गरम हवा मधून निघून जाते. 2004 मध्ये आगा खान पुरस्कार, 2022 मध्ये प्रिट्झकर हा आर्किटेक्चरमधला सगळ्यात मोठा मानला जाणारा पुरस्कार, आणि तो मिळवणारा तो पहिला आफ्रिकन आर्किटेक्ट. पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे की शाळेनंतर गांदोत जे पुढचं काम झालं ते मास्तरांच्या घरांचं. गावातलाच माणूस असल्यावर त्याला कुणी सांगावं लागत नाही.

आणि गरज काही कमी होणारी नाही. टांझानियाने 2001 मध्ये प्राथमिकची फी रद्द केली तेव्हा वर्गांमध्ये मुलांचा लोंढाच आला, 2016 पासून फॉर्म फोरपर्यंतची, म्हणजे माध्यमिकच्या चौथ्या वर्षापर्यंतची, फीही माफ झाली. मुलं आली ही केवढी चांगली गोष्ट, पण त्यांच्यासाठी खोल्या, मास्तर, संडास ते सगळं मागून धावतंय. मोठ्या मुलींसाठी वेगळा संडास नसेल तर पाळीच्या दिवसांत त्या शाळेतच येत नाहीत, हे मला तिथल्या आयांनी सांगितलं, मीटिंगमध्ये नाही, विहिरीवर.

त्या घरात आता दोन शिक्षिका राहतात. हेडमास्तर व्हॉट्सअॅपवर अधूनमधून फोटो पाठवतात. पुढचं काम मुलींच्या संडासचं आणि छपरावरचं पाणी साठवायच्या टाकीचं, खड्डा गावाने खणून ठेवलाय. दार एस सलाममधल्या आपल्या काही मराठी मंडळींना विचारलंय, दोघं-तिघं तयार आहेत. पाइप आणि टाकी इथून ट्रकने न्यावी असं एकाचं म्हणणं, पण मला वाटतं इरिंगातच घ्यावी, उद्या गळायला लागली तर बदलून द्यायला दुकानदार तिथे जवळ असेल.