सही खरी होती, तरी पेमेंट दोनदा गेलं

गेले काही आठवडे एका ऑटोमेटेड वर्कफ्लोवर काम करतोय. सर्व्हरवरचा जॉब दर तासाला रिपोर्ट बनवतो, पाच नोड (वेगवेगळे संगणक) त्यावर डिजिटल सह्या करतात आणि किमान तीन सह्या जुळल्या तरच ब्लॉकचेनवरचं कॉन्ट्रॅक्ट (आपोआप चालणारा कोड) पेमेंट सोडतं. टेस्टनेटवर (चाचणीच्या ब्लॉकचेनवर) एकदा टाइमआउट झाला, जॉबने तोच रिपोर्ट परत पाठवला आणि पेमेंट दोनदा गेलं! सह्या सगळ्या खऱ्या, पण रिपोर्टला नंबरच नव्हता, मग कॉन्ट्रॅक्टला कळणार कसं की हा आधी येऊन गेलाय.

पहिल्यांदा डोक्यात आलं की वापरलेली सही साठवून ठेवू, परत आली की नाकारू. पण ते पुरत नाही, कारण ईसीडीएसए (इथे वापरतात ती सहीची पद्धत) सहीतला एस हा आकडा उलटवून सोबतचा व्ही हा आकडा बदलला की त्याच मेसेजची दुसरी सही तयार होते, तीही चालते, आणि त्याला प्रायव्हेट की (सही करणाऱ्याची गुप्त किल्ली) लागतच नाही. म्हणून सही नाही, रिपोर्टचा नंबर साठवायचा. आणि सही करताना त्या नंबरसोबत चेन आयडी (त्या ब्लॉकचेनचा क्रमांक) आणि कॉन्ट्रॅक्टचा पत्तापण घ्यायचा (ईआयपी-७१२ हे सहीचं मानक त्यासाठीच आहे), नाहीतर तीच सही दुसऱ्या चेनवर चालून जाते.

अजून एक, सही तपासायचं ईसीरिकव्हर हे फंक्शन हो-नाही सांगत नाही, फक्त सही करणाऱ्याचा पत्ता काढून देतं, आणि सही अवैध असेल तर रिव्हर्ट न होता (म्हणजे व्यवहार रद्द न होता) शून्य पत्ता येतो. कॉन्ट्रॅक्टमध्ये सायनरचा (सही करणाऱ्या नोडचा) पत्ता सेट करायचा राहिला असेल तर तोही शून्यच, म्हणजे कचरा सही पास! ओपनझेपेलिनची (कॉन्ट्रॅक्टसाठीच्या तयार कोडची) लायब्ररी हे आणि उलटवलेला एस दोन्ही अडवते, पण एकाच नोडची सही तीनदा आली तर ते आपणच बघायचं. आम्ही सायनरचे पत्ते चढत्या क्रमानेच घेतो, पुढचा मागच्यापेक्षा मोठा नसेल तर रिव्हर्ट.

वर्महोल या ब्रिजचं (एका ब्लॉकचेनवरून दुसरीवर पैसे नेणाऱ्या सेवेचं) प्रकरण मी यासाठी परत वाचलं. तिथे १९ गार्डियन नोड आहेत, १३ सह्या लागतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये कुणाचीही की चोरीला गेली नव्हती, सोलाना या ब्लॉकचेनवरच्या कोडने सह्या तपासल्याचा पुरावा ज्या अकाउंटमधून वाचला ते अकाउंट खरं आहे का हेच बघितलं नाही, आणि १,२०,००० रॅप्ड इथर (इथरच्या बदल्यात मिळणारी टोकन) हवेतून तयार झाले. हे वाचून खरंच पोटात गोळा आला.

आता आधी नापास व्हायलाच हव्यात अशा टेस्ट लिहितोय. डुप्लिकेट सायनरची काल झाली, आज चेन आयडीची.