मर म्हणजे झाड: परभाषी मुलं वर्गात येतात तेव्हा

देवगड-मालवणकडच्या आमच्या शाळांचा पट दिवाळीनंतर बदलतो. आंब्याला मोहोर यायच्या सुमारास बागांच्या राखणीला नेपाळी कुटुंबं येतात. पाऊस थांबून चिरेखाणी सुरू झाल्या की विजापूर-बागलकोटकडची माणसं येतात. मुलं नोव्हेंबरात दाखल होतात आणि मेअखेर निघून जातात. आपली शाळा जूनला सुरू होते, त्यामुळे पहिलं सत्र त्यांनी पाहिलेलंच नसतं. हातात येणाऱ्या या सहा महिन्यांत मी काय करते ते इथे लिहिते आहे. गावच्या मुलांइतकाच या मुलांचा वर्गावर हक्क आहे.

प्रवेशासाठी दाखला किंवा आधार नाही म्हणून मूल परत पाठवायचं नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ मधल्या कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि कलम ४ नुसार मुलाला वयाप्रमाणे वर्ग द्यायचा असतो. नऊ वर्षांच्या मुलाला मराठी येत नाही म्हणून पहिलीत बसवलं, तर सहा वर्षांच्या पोरांमध्ये ते लाजून गप्प होतं आणि पुढे शाळेलाच येत नाही.

नेपाळी कागदावरची जन्मतारीख विक्रम संवतातली असते आणि चूक हमखास इथेच होते. त्यांचा वैशाख एप्रिलच्या मध्याला लागतो. वैशाखापासून पौषाच्या मध्यापर्यंतची तारीख असेल तर सालातून ५७ वजा करायचे, त्यानंतर चैत्र संपेपर्यंत ५६. म्हणजे २०७४ चा जेठ हा २०१७ चा मे-जून. महिन्यांची नावं ओळखीची वाटतात म्हणून आपल्या पंचांगाशी जुळवायला जाऊ नये. एक वर्ष इकडचं तिकडे झालं की वर्गच बदलतो.

त्यानंतर घरची भाषा विचारायची. खाणीवरून आलेलं मूल म्हणजे कानडी, असं लिहून मोकळं होणं चुकीचं आहे. त्यांतली बरीच लमाणी असतात. त्यांच्या घरात गोरमाटी चालते, गावात कन्नड आणि कामावर मोडकीतोडकी हिंदी. मी एकच प्रश्न विचारते: आईला काय हाक मारतोस? ‘अव्वा’ आलं तर कन्नड, ‘याडी’ आलं तर गोरमाटी, ‘आमा’ आलं तर नेपाळी.

मग वीस मिनिटं वेगळं बसवून त्याला काय येतं ते पाहायचं. वर्गासमोर नाही, पडवीत. दहा चित्रं दाखवून नावं त्याच्याच भाषेत सांगायला लावायची, आपल्याला कळली नाहीत तरी चालेल. स्वतःचं नाव येईल त्या लिपीत लिहू द्यायचं. खडे मोजायला द्यायचे आणि एक हातच्याची बेरीज द्यायची. कन्नड लिपीत नाव लिहिणारं आणि हातचा घेणारं तिसरीचं मूल साक्षर असतं, त्याला फक्त मराठी यायची असते. त्याला बाराखडी गिरवायला बसवलं तर महिना फुकट जातो.

नेपाळी मुलाची लिपी देवनागरीच. म्हणून त्याला वाचता येतं असा आपला समज होतो आणि अडतं भलतीकडे. तिकडचा झ वेगळ्या वळणाचा असतो आणि ळ नसतोच. च सगळीकडे ‘चमच्या’तलाच उच्चारतात, त्यामुळे ‘चार’ कानाला खटकतो. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक त्यांच्या बोलण्यात नाही, तेव्हा सुरुवातीच्या महिन्यांत त्यावर लाल शाई वापरू नये. शब्दही चकवतात. ‘माछा’ म्हणजे मासा आणि ‘मासु’ म्हणजे मांस, त्यामुळे आपला ‘मासा’ ऐकून पोर दुसरंच काही समजतं.

कन्नडची गोष्ट याहून नाजूक. कन्नडमध्ये झाडाला ‘मर’ म्हणतात. चित्रातल्या झाडावर बोट ठेवून मूल ‘मर’ म्हणालं की वर्ग हसतो आणि ते पुढे तोंड उघडत नाही. म्हणून तो शब्द मी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून टाकते: मर = झाड, नीरु = पाणी, कल्लु = धोंडा. दुपारपर्यंत सगळी पोरं परसातल्या माडाला ‘मर’ म्हणत असतात आणि नवीन मूल मास्तर झालेलं असतं.

याच कामाला शंभर पानी वही लागते. पानावर चार रकाने: चित्र, घरचा शब्द, मालवणी शब्द, पुस्तकातला शब्द. रोज पाच शब्द, त्याहून जास्त नाही. मालवणीचा रकाना गाळायचा नाही. नवीन मूल खेळता खेळता महिनाभरात ‘माका’, ‘तुका’, ‘खंय’ बोलायला लागतं, पुस्तकी मराठी त्यानंतर येते. ‘मला’ म्हणता आलं नाही म्हणून ते मागे आहे असं नव्हे. आमची गावची मुलंही ‘माझो घोडो’ लिहितात. ते खोडायचं नाही, शेजारी ‘पुस्तकात: माझा घोडा’ लिहायचं. या रकान्यामुळे गावचं आणि परगावचं मूल एकाच बाकावर तेच काम करतं.

नामाबरोबर तो, ती, ते पहिल्या दिवसापासून द्यायचं. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी, त्यामुळे ‘ते वही’, ‘ते फळा’ येणारच. नियम सांगून उपयोग होत नाही. मी कार्डाला रंगीत कडा काढते: तो निळा, ती लाल, ते हिरवा.

गणितात अडतो तो संख्येचा उच्चार. आपण ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी म्हणतो, कन्नडमध्ये वीस आधी येतात. मूल ऐकल्या क्रमाने ५२ लिहितं आणि आपण त्याला बेरजेत कच्चं ठरवतो. माडाच्या हिराच्या काड्यांचे दहा-दहाचे जुडगे बांधायचे, दोन जुडगे आणि पाच सुट्या काड्या हातात द्यायच्या आणि काही दिवस ‘वीस पाच’ म्हणायचं. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात २०१९ मध्ये हीच पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! या मुलांसाठी मात्र ती खरोखर उपयोगाची आहे. ‘पंचवीस’ पुढे आपोआप बसतो.

पहिले तीन-चार आठवडे मूल बोलत नाही. त्याला बोलायला भाग पाडायचं नाही. उठ, बस, दे, घे, उघड, ठेव अशी डझनभर क्रियापदं कृतीतून द्यायची आणि त्याने करून दाखवलं की तेच उत्तर धरायचं. भावंडाशेजारी बसवू नये, कारण मोठी ताई सगळी उत्तरं देऊन टाकते. गावच्या बडबड्या पोराशेजारी बसवावं. दुभाष्याचं काम मोठ्या मुलाकडे दिवसाला दहा मिनिटांपुरतंच द्यावं, त्याचाही अभ्यास असतो.

पालकांना सकाळी बोलावलं तर कोणी येत नाही. बागेतलं आणि खाणीवरचं काम संध्याकाळी संपतं, तेव्हा आपण जायचं. बापाला हिंदी येते, आईला बहुधा नाही, आणि मुलाची शाळा बघते ती आई. म्हणून वही घेऊन जावी, दुसरा रकाना तिला वाचून दाखवावा आणि शब्द चुकला असेल तर तिच्याकडून दुरुस्त करून घ्यावा.

कुटुंब हलणार हे आंबा उतरत आला की कळतं. त्याच आठवड्यात शिक्षण हमी कार्ड (पुढच्या गावच्या शाळेत दाखवायची मुलाच्या शिक्षणाची नोंद) भरून द्यावं, हजेरीचे दिवस, झालेले धडे आणि गणितात कुठवर आलं ते लिहून. वही मुलाबरोबरच जाऊ द्यावी. नोव्हेंबरात तेच मूल परत आलं तर ती दप्तरात असते, आणि पहिल्या पानापासून नव्हे, कोऱ्या राहिलेल्या पानापासून पुढे सुरू करता येतं.