माझी बाजू

मंगळवार, रात्री

आज थेरपिस्टकडे, म्हणजे बोलून उपचार करणाऱ्यांकडे, गेलो एकदाचा. वेळ मिळायला दोन दिवस लागले, वेळ मागायला दोन महिने.

तयारी चोख होती. लग्नाला चौदा वर्षं, भांडण कुठून सुरू होतं, ती काय काय बोलते, ऑफिसचा ताण, रात्री तीनला उघडणारे डोळे. वकिलाकडे जाताना कागद लावून न्यावेत तसं सगळं डोक्यात क्रमाने लावून नेलं होतं.

आधी फॉर्म हातात आला. जुने आजार, चालू औषधं, झोप, दारू, घरात कुणाला मानसिक आजार होता का. मग नऊ प्रश्नांचा एक तक्ता, पीएचक्यू-९ नावाचा: गेल्या दोन आठवड्यांत अमुक एक त्रास किती दिवस झाला, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. मला २७ पैकी ११ पडले. शाळेत एवढे पडले असते तर घरात बोलणी बसली असती. इथे जितके कमी तितकं बरं. "हे निदान नाही," थेरपिस्ट म्हणाले, "ताप मोजल्यासारखं समजा. काही आठवड्यांनी परत मोजू." नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याचा. त्यात मी शून्य लिहिलं होतं, तरी त्यांनी तो तोंडी परत विचारला, सरळ, आवाज न बदलता. कुणीतरी हे इतक्या साधेपणाने विचारू शकतं याचंच मला बरं वाटलं.

मी तोंड उघडायच्या आधीच त्यांनी गुप्ततेचे नियम सांगितले. इथलं बोलणं इथेच राहील. अपवाद म्हणजे माझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, लहान मुलावर अत्याचार होत असेल, किंवा कोर्टाने मागितलं तर. शिवाय अडलं तर ते नाव न सांगता आपल्या वरिष्ठांशी चर्चा करतात. वेळ रद्द करायची तर २४ तास आधी कळवायचं, नाहीतर फी द्यावी लागेल. त्या कागदावर सही केली.

मग माझं भाषण. पन्नास मिनिटांचं सेशन, त्यातल्या वीस मिनिटांत माझे सगळे कागद संपले. ते गप्प. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, "हे सांगताना आत्ता कसं वाटतंय?"

"माझं बरोबर आहे असं वाटतंय."

"ते मत झालं."

राग आला. हा रागही सांगायचा असतो हे तेव्हा सुचलं नाही.

बुधवार

दिवसभर अंग मोडून आल्यासारखं वाटतंय. पहिल्या एकदोन वेळांनंतर असा थकवा येतो, असं ते म्हणाले होते म्हणून घाबरलो नाही. काल रात्री बायकोने विचारलं, "काय काय झालं रे?" मी म्हटलं, "काही नाही." "पन्नास मिनिटं काही नाही?" ती उठून आत गेली.

काकांना दबकत सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "गोळ्या दिल्या का?" नाही दिल्या. गोळ्या मानसोपचारतज्ज्ञ देतात, ते वैद्यकीय डॉक्टर असतात. माझे थेरपिस्ट मानसशास्त्र शिकलेले. गरज वाटली तर ते त्यांच्याकडे पाठवतील, तसं पहिल्याच दिवशी बोलणं झालंय. काकांचं समाधान झालं नाही. गोळी नाही म्हणजे आजार नाही, आणि आजार नाही तर गेलास कशाला?

तिसऱ्या सेशननंतर

आपल्याकडे या प्रकाराला समुपदेशन म्हणतात. शब्दात 'उपदेश' बसलाय, त्यामुळे मी तीन आठवडे उपदेशाची वाट बघतोय. कुणीतरी सांगावं: असं कर, तसं करू नकोस. एक उपदेश मिळाला नाही. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली मांडलं होतं की माणूस बदलायला समोरच्याचा खरेपणा, त्याने मनापासून समजून घेणं आणि अट न घालता स्वीकारणं, या गोष्टी लागतात. वाचायला छान आहे. प्रत्यक्षात, समजून घेणारा माणूस समोर गप्प बसलेला असतो तेव्हा फार अवघडायला होतं.

किती वेळा यावं लागेल, हेही विचारून टाकलं. "सहा वेळा भेटू, मग काय बदललं ते दोघं मिळून बघू," एवढंच उत्तर. घरी येऊन शोधलं. १९८६ सालचा एक गाजलेला अभ्यास आहे, त्यात साधारण निम्म्या लोकांना आठव्या सेशनपर्यंत फरक पडलेला दिसला आणि पाऊणजणांना सव्विसाव्यापर्यंत. दर आठवड्याला एक धरलं तर सहा महिने. मी कुठल्या निम्म्यात, ते त्या अभ्यासात लिहिलेलं नाही.

आज सोडून देणारच होतो. पण पहिल्या दिवशी ते म्हणाले होते, इथलं काही खटकलं तर न येण्याऐवजी येऊन सांगा. म्हणून सांगितलं, "तुम्ही फार गप्प बसता. मला कळतच नाही तुमच्या मनात काय चाललंय. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं."

वाक्य बाहेर पडलं आणि माझं मलाच ओळखीचं वाटलं. शब्दन् शब्द. चौदा वर्षं मी हे ऐकत आलोय, फक्त त्या बाजूने कधी बोललो नव्हतो.

त्यांनी काही म्हटलं नाही. म्हणायची गरजही नव्हती. उरलेली पंधरा मिनिटं कशी गेली ते आठवत नाही. टेबलावरचा रुमालांचा डबा माझ्या बाजूला सरकला होता एवढं आठवतं.

गुरुवार, दोन महिन्यांनी

आता दोघांनी जायचं ठरलंय. मला वाटलं यांच्याकडेच जाऊ, ओळख झालीय. ते नको म्हणाले. दोन महिने त्यांनी एकट्या माझी बाजू ऐकलीय. ती आली तर ती माझ्या अंगणात आल्यासारखं होईल. मग एका मॅडमचं नाव त्यांनी दिलं. माझं त्यांच्याकडचं वेगळं चालू राहील.

मॅडमनी आधी दोघांना एकेकटं भेटायला बोलावलं. आत गेल्या गेल्या नियम सांगितला: एकट्यात सांगितलेली, दोघांच्या नात्यावर परिणाम करणारी गोष्ट मी जोडीदारापासून लपवून ठेवणार नाही, ती तुम्ही स्वतः सांगावी म्हणून मदत करीन. सगळेच थेरपिस्ट हा नियम ठेवत नाहीत म्हणे, म्हणून आधीच विचारून घ्यावं. दुसरा प्रश्न, घरात मारहाण होते का, तुम्हाला जोडीदाराची भीती वाटते का? मी जरा चमकलो. त्यांनी कारण सांगितलं. तसं असेल तर एकत्र बसवणं धोक्याचं, इथे मोकळेपणाने बोललेल्याची किंमत घरी जाऊन मोजावी लागते. म्हणजे हाच प्रश्न त्यांनी हिलाही माझ्याबद्दल विचारला असणार. ही गोष्ट घशातून खाली उतरायला वेळ लागला.

पुढच्या गुरुवारी

सोफ्यावर दोघं, मध्ये एका माणसाची जागा. मॅडमनी भांडणाबद्दल विचारलंच नाही, भेटलात कसे ते विचारलं. ती सांगायला लागली आणि तिला मी त्या दिवशी घातलेल्या शर्टाचा रंग आठवत होता. मला नव्हता.

मग आलं नेहमीचं. ती बोलायला लागली, मॅडमनी तिला मध्येच थांबवलं. मी मनातल्या मनात खूश. माझी पाळी आली, मी माझे कागद उघडले, दोन वाक्यांत मलाही थांबवलं. "तारखा राहू द्या," त्या म्हणाल्या. मला तोंड मिटावं लागलं आणि मी नेहमीसारखा गप्प झालो. हिचा आवाज चढायला लागला.

तेव्हा मॅडम मला म्हणाल्या, "मनगटावर बोट ठेवा. पंधरा सेकंद मोजा."

२८. म्हणजे मिनिटाला ११२.

"पण हा तर किती शांत बसलाय!" बायको म्हणाली. खरंच चकित होऊन.

मॅडमनी तेव्हा थोडं समजावलं. जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हनसन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात नवराबायकोला उपकरणं जोडून भांडताना तपासलं होतं. नाडी शंभराच्या वर गेली की माणसाला समोरचं ऐकूच येईनासं होतं. कुणी ओरडतो, कुणी दगड होतो. हे शांत व्हायला किमान वीस मिनिटं लागतात, आणि त्या वीस मिनिटांत मनातल्या मनात भांडण चालू ठेवलं तर तेवढ्यातही होत नाही. उठून जायला हरकत नाही. मात्र परत कधी येणार ते सांगून जायचं, आणि यायचं.

"मला वाटायचं याला काही फरकच पडत नाही," ही मॅडमना म्हणाली.

"मला नका सांगू. त्यांच्याकडे वळून सांगा."

ती वळली. बराच वेळ काही बोलली नाही. मग तेच वाक्य, पण हळू. मी म्हटलं, "पडतो गं." एवढंच सुचलं. चौदा वर्षांच्या मुद्देसूद निवेदनातून दोन शब्द उरले.

जिना उतरताना आठवलं म्हणून लिहून ठेवतो: गॉटमनच्या मते जोडप्यांच्या भांडणांतले ६९ टक्के मुद्दे कायमचेच असतात, सुटत नाहीत. मी हिला सांगितलं तर म्हणाली, "मग एवढी फी कसली?" दोघंही हसलो. जिन्यात थांबून हसलो.

रविवार, उशिरा

आज परत झालं. विषय लिहीत नाही, ६९ टक्क्यांतलाच आहे. छातीत धडधडायला लागलं, तोंड आपोआप मिटायला लागलं. या वेळी ते पुरतं मिटायच्या आत म्हटलं, "वीस मिनिटं दे. येतो."

बाहेर जाऊन चकरा मारल्या. पहिली दहा मिनिटं डोक्यात कागद लावत होतो, तिने काय म्हटलं, त्याला काय उत्तर द्यायचं. मग ते जमेना, फाटकाजवळ नुसता उभा राहिलो. आत आलो तेव्हा ती तिथेच बसून होती, घड्याळ समोर ठेवून.

"तेवीस झाली," ती म्हणाली.