मापाखालचा दिवा

रविवार, रात्री साडेनऊ

आज चर्चमध्ये पाळकसाहेबांनी पुन्हा बायबलमधला मत्तयाचा पाचवा अध्याय घेतला. मीठ आणि दिवा. शब्बाथ शाळेपासून, म्हणजे लहानपणच्या रविवारच्या धर्मशाळेपासून धरलं तर मिठावरची पन्नासेक प्रवचनं तरी माझ्या कानांवरून गेली असतील. मीठ दिसत नाही पण चव देतं, मीठ नासण्यापासून राखतं, मीठ जखमेला झोंबतं. पुढचं वाक्य काय येणार हे बाकावरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं. 'डोंगरावर वसलेले नगर लपत नाही' हे वचन लहानपणी पाठ करताना आम्हा पोरांना वाटायचं, हे आपल्याच नगरबद्दल लिहिलंय. गाव सगळं सपाटीवर, डोंगर म्हणून दाखवायला लांबचा चांदबिबीचा महाल, तरी आमची खात्री होती. सरकारी कागदावर आता अहिल्यानगर झालंय. आमच्या तोंडी नगरच.

आज मात्र एक शब्द कुसळासारखा टोचत राहिला. 'ख्रिस्ती माणसाचा समाजावर प्रभाव पडला पाहिजे.' साहेबांनी हे तीनदा म्हटलं. प्रभाव. पुढाऱ्याचा पडतो तसा?

उपासना सुटल्यावर बाहेर सलाम-सलाम झालं आणि महिला मंडळाची लगेच तिथेच चिंचेखाली मीटिंग. नाताळात दवाखान्यात फळवाटप. बॅनर कोण छापणार, फोटो कोण काढणार. मागच्या वर्षीचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे. केळं एक, त्याला लागलेले हात सहा, आणि खाटेवरची म्हातारी कॅमेऱ्याकडे बघावं की केळ्याकडे या पेचात. त्या सहांतला एक हात माझा. म्हणून फार बोलायचा अधिकार नाही. केळ्यानं कुणाचं वाईट होत नाही, एवढंही खरं.

घरी आले तर ओट्यावर माणसं बसलेली होती. नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, दर रविवारी चर्चहून आले की मी ब्लडप्रेशर बघते. पैसे घेत नाही. आईचं जुनं पाऱ्याचं मशीन आहे, लाकडी पेटीतलं नव्हे, त्यानंतरचं पत्र्याचं. त्याचा पट्टा दोनदा बदलला, पारा तोच. गल्लीत मला नावानं कुणी ओळखत नाही, 'सिस्टर' म्हटलं की घर दाखवतात. चौदा-पंधरा जण येतात. कुणी गोळ्या दाखवतं, कुणी सुनेची गाऱ्हाणी सांगतं. प्रार्थना करा म्हणालं कुणी तर करते, नाही म्हणालं तर नाही. मला हे आवडतं. जरा मिरवतेही मी.

आज शेवटी आमच्याकडे धुण्याभांड्याला येते ती आली. तिच्या सासूचं प्रेशर वाढलेलं असतं आणि सासू गुडघ्यांमुळे इथवर येऊ शकत नाही. मी पेटी बंद करत होते तेवढ्यात ती म्हणाली, "सिस्टर, मला शिकवता का हे? म्या घरीच बघीन म्हातारीचं."

माझ्या तोंडून काय निघालं, तर "अगं, ते इतकं सोपं नसतं. तुला नाही जमायचं."

ती "बरं" म्हणाली आणि भांडी घासायला बसली. एवढंच. पण दुपारी झोप आली नाही.

कारण इतकं सोपं नसतं हे खोटं होतं. आणि ते खोटं आहे हे जगात सगळ्यात चांगलं जर कुणाला कळायला हवं तर ते नगर जिल्ह्यातल्या नर्सला. जामखेड इथून पाऊणशे किलोमीटर.

डॉ. रजनीकांत आरोळे आपल्याच जिल्ह्यातले, डॉ. मेबल तमिळ घरातल्या. दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. लग्न करतानाच ठरवलेलं की खेड्यातल्या गरिबांसाठी काम करायचं. आधी काही वर्षं आपल्याच जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलमध्ये होते. तिथे त्यांच्या लक्षात आलं, की आपण बरं करून पाठवतो तोच रोगी त्याच घरात, त्याच पाण्यावर परत जातो आणि थोड्या दिवसांनी तोच रोग घेऊन पुन्हा खाटेवर येतो. दवाखाना भरलेला आणि गाव आजारीच. मग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० साली जामखेडला बसले. दुष्काळी मुलूख, आणि थोड्याच दिवसांत बाहत्तरचा दुष्काळ डोक्यावर आलेला.

पहिला बेत साधा होता: गावोगाव शिकलेल्या नर्सबाया ठेवायच्या. तो फसला. का फसला हे मी नर्स म्हणून सांगू शकते. शहरात शिकलेल्या तरुण पोरीला परक्या खेड्यात एकटीनं राहायचं नसतं, आणि गावातल्या बायका तिच्यापाशी मन मोकळं करत नाहीत. तेव्हा आरोळ्यांनी गावालाच सांगितलं, तुमच्यातलीच एक बाई निवडून द्या. आल्या त्यातल्या कितीजणींना सही येत नव्हती. कितीतरी दलित वस्तीतल्या, कुणी टाकलेल्या, कुणी विधवा. त्यांना बाळंतपण, बाळाचं वजन, जुलाबात मीठ-साखरेचं पाणी, क्षय, कुष्ठ असं सगळं शिकवलं. एका दमात नाही. आठवड्याच्या आठवड्याला बोलावून, गाण्यांतून, चित्रांतून, पुन्हा पुन्हा.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात आम्हा काहीजणींना दोन दिवस तिथे बघायला पाठवलं होतं. मी सव्वीस वर्षांची, कडक इस्त्रीची, डोक्यावर टोपी. एका गावात नऊवारीतली एक बाई झाडाला ताणकाटा टांगून पोरांची वजनं घेत होती. एक पोरगं हातपाय झाडत रडत होतं आणि काटा थांबत नव्हता. मी पुढे होऊन म्हटलं, मी धरते. ती म्हणाली, "बाई, तुम्ही धरलं तर तुमचं वजन भरंल त्यात." सगळ्या बायका हसल्या. मग तिनं पोराच्या आईला समोर बसवलं, पोर गप्प झालं, काटा थांबला. आकडा तिनं आईलाच वाचायला लावला. आईला वाचता येईना, तेव्हा हिनं बोट ठेवून दाखवलं: मागल्या महिन्यात इथं होता, आता इथं. आई म्हणाली, खाली आलाय. तेवढंच शिकवायचं होतं तिला.

तीन-चार मिनिटांचं काम तिनं वीस मिनिटं केलं. मला तेव्हा वाटलं, किती वेळ घालवते ही.

हातपंपांची गोष्टही तिथलीच. दुष्काळात गावांना पाणी मिळवून द्यायचं तर बोअर घ्यायला हव्या होत्या. त्या घेतल्या दलित वस्तीत. ज्याला पाणी हवं त्यानं तिथं यावं. वरच्या आळीच्या बायका आल्याच, हंडे घेऊन. तहानेपुढे कुणाची सोवळं-ओवळं राखायची ताकद टिकते? जातीवर एक भाषण न देता जेवढं झालं तेवढं आमच्या दहा व्यासपीठांनी झालं नसतं. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो या सगळ्यासाठी. मेबलबाई १९९९ मध्ये गेल्या, आरोळे डॉक्टर २०११ मध्ये.

आता मला सगळ्यात जास्त आठवतं ते मुक्ताबाई पोळ यांचं. जामखेडच्या याच आरोग्य सेविकांपैकी एक. १९८८ मध्ये वॉशिंग्टनला आरोग्याच्या मोठ्या परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या. वर छताला भलीमोठी झुंबरं. त्यांचा रोख असा होता, की ही झुंबरं सुंदर आहेत, महाग आहेत, बघायला हजारो मैल यावं लागतं. मोठे डॉक्टर असे असतात. मग पिशवीतून वातीचा साधा दिवा काढला, पेटवला आणि त्यावर दुसरा पेटवून दाखवला. झुंबराला हे येत नाही. सभागृह उठून उभं राहिलं म्हणतात.

धान्याच्या मापाखाली दिवा झाकून ठेवत नाहीत, दिवठणीवर ठेवतात, हे त्याच अध्यायातलं वचन आम्ही पाठ केलं. दिव्यानं दिवा लावायचा हे मुक्ताबाईंनी करून दाखवलं. आणि मी आज ओट्यावर माप घेऊनच बसले होते की.

झोप येत नाहीये. खाली ठेवते वही.

बुधवार

कालपासून मनात चाललंय ते लिहून टाकते.

गल्लीतल्या एका गृहस्थांनी मागे एकदा मला तोंडावर विचारलं होतं, "सिस्टर, राग मानू नका, पण तुमच्या लोकांच्या सेवेमागे काहीतरी हेतू असतोच ना?" मी तेव्हा चांगलीच तापले. मिस फरारचा पाढा वाचला: अमेरिकन मराठी मिशनची ही एकटी बाई नगरमध्ये मुलींची शाळा चालवत होती, ज्योतिराव ती शाळा बघून गेले, सावित्रीबाईंनी शिकवायचं कसं याचे धडे तिच्याकडे घेतले. मिशनचे डॉक्टर वॉनलेस साहेब यांनी मिरजेला १८९४ मध्ये हॉस्पिटल काढलं, तिथे माझी आई नर्सिंग शिकली. तेव्हा चांगल्या घरची मुलगी परक्या माणसाच्या अंगाला हात लावत नसे, आमच्या मुलींनी लावला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हो, हो, ते आहेच," आणि गेले. वाद जिंकल्यासारखा वाटला मला.

आज वाटतं, त्यांचा प्रश्न चुकीच्या ठिकाणी होता पण पूर्ण चुकीचा नव्हता. हेतू असतो. धर्म बदलायचा नव्हे, निदान माझा तो कधीच नव्हता. माझा हेतू हा, की रविवारी माझ्या ओट्यावर रांग लागावी. आम्ही ख्रिस्ती लोक द्यायला पटकन पुढे होतो. दिलं की घेणारा पुढच्या वेळी पुन्हा आपल्याच दारात येतो, हे कुठेतरी बरं वाटतं. शिकवलं की तो येत नाही. मिस फरारकडची ती विद्यार्थिनी पुण्याला परत गेली आणि तिनं जे केलं त्यावर फरारबाईंचं नाव नव्हतं. बहुतेकांना ते नाव आजही माहीत नाही. नगरमध्येसुद्धा दहांतल्या नऊंना नसेल.

सकाळी ती आली तेव्हा म्हटलं, भांडी राहू दे. बस इथं.

आधी हात धुतले. मग पाच मिनिटं नुसतं बसवलं. ती अस्वस्थ. आमच्या घरात ती पाच मिनिटं कधी बसलेलीच नाही. मी म्हटलं, हाच पहिला धडा, चालून आलेल्या माणसाचं प्रेशर लगेच बघायचं नाही, नुकताच चहा प्यायलेल्याचंही नाही. पट्टा कोपराच्या दोन बोटं वर. हात छातीच्या उंचीला. पाऱ्यात आकडे कसे वाचायचे हे शिकवावं लागलं नाही. मोबाइलच्या रिचार्जमुळे आकडे तिला माझ्यापेक्षा लवकर दिसतात.

घोडं अडलं आवाजावर. "काहीच नाही ऐकू येत, सिस्टर." पुन्हा फुगवला पट्टा. पुन्हा काहीच नाही. चौथ्यांदा माझ्या डोक्यात पाल चुकचुकली, हिला खरंच नाही जमायचं. मग बघितलं तर नळ्या तिनं कानात उलट्या घातल्या होत्या, तोंडं मागं. त्या नाकाच्या दिशेनं वळलेल्या हव्यात. ती चूक तिची नव्हती, मी सांगितलंच नव्हतं. चाळीस वर्षं हात आपोआप वळतो, तेव्हा सांगायचं सुचत नाही.

सरळ घातल्या. पारा हळूहळू खाली यायला लागला आणि तिचा चेहरा बदलला. ओठ न हलवता म्हणाली, "वाजतंय." मी म्हटलं, पहिलं वाजलं तो वरचा आकडा, वाजायचं थांबलं तो खालचा. ती माझ्याच हाताला लावून बसली होती. एकशे अठ्ठेचाळीस-नव्वद म्हणाली. मी म्हटलं, चुकलं तुझं, पुन्हा बघ. पुन्हा तेच. मग मी स्वतः बघितलं.

एकशे अठ्ठेचाळीस-नव्वद. अकरा वर्षांत लोकांचं बघताना स्वतःचं शेवटचं कधी बघितलं होतं, आठवत नाही.

रविवार, पुन्हा

दहा-अकरा दिवस झाले. मशीन मी तिला घरी न्यायला दिलं. देताना हात जड झाला, आईचं म्हणून. मी स्वतःसाठी बटणाचं आणलं, औषधाच्या दुकानातून. ते मला पटत नाही, पण रोज सकाळी लावते, आणि डॉक्टरांना भेटून गोळी सुरू केलीये.

एक गोष्ट मात्र तिला पक्की बजावलीये: आकडा सांगायचा, गोळी सांगायची नाही. एकशे साठच्या वर गेलं, किंवा डोकं दुखतंय, हाताला मुंग्या येतात असं कुणी म्हणालं तर सरळ दवाखान्यात, वाट बघायची नाही. हे ती मान हलवत ऐकते आणि मग शेजारणीला माझ्यापेक्षा कडक आवाजात सांगते, असं कळलं.

तिच्या वस्तीत सासूनंतर दोघी आल्या, मग पाच. वहीत लिहून ठेवते. नावाऐवजी खुणा: चिमणी म्हणजे कोण, तुळस म्हणजे कोण, ते तिलाच ठाऊक.

महिला मंडळात मी आज म्हटलं, फळांच्या पैशातून दोन मशीनं घेऊ आणि चार बायकांना शिकवू. चर्चच्याच पाहिजेत असं नाही. थोडी शांतता झाली. एकीनं विचारलं, "पण मग मंडळाचं नाव कुठे येणार?" प्रश्न प्रामाणिक होता, त्याला हसले नाही मी. ठराव पुढच्या मीटिंगवर ढकलला. फळंही होणारच आहेत, बॅनर छापायला गेलाय.

घरी आले तर ओट्यावर तिघंच. मी नवीन मशीन काढलं. कोपऱ्यावरच्या आजोबांनी हात पुढे केला, पट्टा बांधून घेतला आणि म्हणाले, "सिस्टर, जरा घट्ट बांधा की. ती तुमची बाई नीट बांधते."