आमची वाटचाल : यंत्रांकडून तपासणीकडे

गोव्यातल्या फोंड्यात आमचं फिजिओथेरपी केंद्र सुरू झालं तेव्हा सामान होतं दोन खाटा, एक ट्रॅक्शन टेबल (वजन लावून कंबर किंवा मान ताणायचं), आयएफटीचं यंत्र (विजेच्या सौम्य प्रवाहाने कळ दाबणारं) आणि शेकाच्या पिशव्या. येणाऱ्यांची मागणीही तेवढीच असायची : "वजन लावा, करंट द्या." ती यंत्रं आजही आहेत, पण पहिल्या भेटीचा बहुतेक वेळ आता तपासणीत जातो. शेक आणि करंटने कळ काही तास दबते, कमरेवर पडणारा भार मात्र तसाच राहतो.

कुंडई-बेतोड्याच्या कारखान्यांत उभ्याने पॅकिंग करणारे, सावईवेऱ्याच्या कुळागरांत, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांत, वाकून सुपारी वेचणारे, दिवसभर स्कूटरवर असणारे, असे लोक येतात. चतुर्थीच्या तोंडावर माटोळी (गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं बांधायची चौकट) बांधून मान आखडलेलेही येतात. कमरेतली गादी (दोन मणक्यांमधली चकती) सरकते ती बहुधा एल-४/एल-५ किंवा एल-५/एस-१ या कमरेच्या तळाच्या मणक्यांमध्ये. तिथूनच पायाच्या नसा निघतात, म्हणून कळ पायात उतरते. उताणं झोपवून पाय सरळ उचलला आणि ३० ते ७० अंशांत कळ गुडघ्याखाली गेली, तर नस दबल्याचा संशय येतो. मग पायाच्या अंगठ्याची ताकद, टाचांवर चालणं आणि त्वचेची संवेदना पाहतो.

त्यानंतरचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : कुठल्या दिशेला हलल्यावर कळ वर सरकते? पालथं झोपून दोन मिनिटं, कोपरांवर दोन मिनिटं, मग हात सरळ करत छाती उचलायची, दहा वेळा. कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कमरेत आली तर दिशा बरोबर. कमर थोडी जास्त दुखली तरी चालेल. पावलाकडे उतरली तर तिथेच थांबायचं. घरी दर दोन तासांनी करायला सांगतो. चुकतं ते इथे : कंबर खाटेवरून उचलली जाते, किंवा हातांऐवजी पाठीचे स्नायू आवळून अंग उचललं जातं. वयस्कर माणसाला चालताना पाय भरून येत असतील आणि बसल्यावर बरं वाटत असेल, तर हा व्यायाम त्याच्यासाठी नव्हे. त्याला गुडघे छातीशी घेण्याचा देतो.

ट्रॅक्शन आम्ही निवडूनच लावतो. अखंड (मधे सरकता भाग नसलेल्या) खाटेवर कमरेसाठी ६० किलोच्या माणसाला १५ किलोपेक्षा कमी वजन लावलं तर ते घर्षणातच जिरतं. मानेला चार-पाच किलोंपासून सुरुवात, मान किंचित पुढे झुकवून. हाडं ठिसूळ असतील किंवा संधिवाताने मानेचे सांधे सैल झाले असतील, तर ट्रॅक्शन नाही.

मानेसाठी हनुवटी आत ओढून पाच सेकंद, दहा वेळा. नजर समोर ठेवायची. हनुवटी खाली झुकली की व्यायाम वाया. कमरेच्या रुग्णांनी सकाळी उठल्यावर पहिला तासभर वाकून केर काढू नये, काजूही वेचू नयेत, कारण रात्रभरात गादी पाणी शोषून फुगलेली असते आणि वाकल्यावर तिच्यावर जास्त ताण येतो. हे सांगताना आम्ही थोडे आग्रहीच असतो.

लघवी अडणं किंवा नकळत होणं, स्कूटरच्या सीटला टेकतो तो भाग बधिर होणं, पाऊल लुळं पडणं, यांतलं एक जरी दिसलं तरी शेक, व्यायाम, ट्रॅक्शन सगळं बाजूला. चिठ्ठी हातात देऊन त्याच दिवशी बांबोळीला, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) पाठवतो.