डब्यावर रेम्ब्रांट, पडद्यावर कोव्हॅक्स

सुट्टी आणि धो धो पाऊस, म्हणून आज दुपारभर जुन्या अमेरिकन जाहिराती बघत लोळलो. अडकलो ‘डच मास्टर्स’ सिगारपाशी. (ओढत नाही हो, नुसतं बघतो!) डब्यावर डच चित्रकार रेम्ब्रांटचं १६६२ सालचं चित्र. काळ्या टोप्यांतले ते गंभीर गृहस्थ ॲमस्टरडॅममध्ये कापडाचा दर्जा तपासायचे. तंबाखूशी काडीचा संबंध नाही!

टीव्हीवर ही सिगार विकायचा विनोदवीर अर्नी कोव्हॅक्स. जाडजूड मिशी, हातात सिगार आणि जाहिरातीत चक्क एक शब्द नाही. संगीतकार हायडनच्या नावावरची सेरेनेड (एक हळुवार धून) वाजते, काहीतरी गंमत घडते, संपलं. हल्लीच्या कानठळ्या बसवणाऱ्या जाहिरातवाल्यांना बसवून दाखवायला हवं.

जानेवारी १९६२ मध्ये लॉस एंजेलिसला गाडीच्या अपघातात तो गेला, अवघ्या ४२ व्या वर्षी. मागे कराची भलीमोठी थकबाकी. बायको ईडी ॲडम्सने मित्रांची मदत नाकारली, काम करून सगळं फेडलं. त्यातलं एक काम म्हणजे त्याच कंपनीच्या ‘म्युरिएल’ सिगारची जाहिरात. चमचमता झगा, लाडिक सूर, कधीतरी उचलून ओढून बघ म्हणणारी. पुढे कित्येकांना ती ‘म्युरिएलवाली’ म्हणूनच लक्षात राहिली, हे मला जाम खटकलं. अहो, बाई न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या नावाजलेल्या संगीतशाळेत गाणं शिकलेली होती!