नकाशावरची हिरवी सीमा

सतराव्या शतकातल्या एका ॲटलासमधून सुटलेलं, हाताने रंगवलेलं नकाशाचं पान दुरुस्तीसाठी माझ्या टेबलावर आलं, तेव्हा त्यातला एक प्रांत तुटून वेगळा झाला होता. कागद घडीवर फाटला नव्हता. तो बरोबर सीमारेषेवरून सुटला होता. हिरव्या पट्ट्याखाली बहुतेक ठिकाणी कागद तपकिरी आणि ठिसूळ झाला होता. चिमट्याने नुसता स्पर्श केला तरी कण गळत होते.

काम नेहमीचं वाटलं. ओलावा देऊन पान सपाट करायचं आणि तुटलेला भाग जपानी कागद व खळ लावून जोडायचा. सकाळी आल्याआल्या मी ओलाव्याचा डबा लावूनही ठेवला होता. ते पान त्या डब्यात ठेवलं असतं तर, या विचाराने आजही अस्वस्थ व्हायला होतं.

शिकायला आलेल्या मुलीने पान उलटं केलं आणि विचारलं, "मॅडम, मागे हा हिरवा का दिसत नाही? नुसती तपकिरी रेघ दिसतेय."

तिच्या प्रश्नाने मी थांबले. मॅलाकाइट, म्हणजे तांब्याच्या हिरव्या खनिजाची पूड, असतं तर रंग कागदाच्या वर बसला असता आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे स्फटिक दिसले असते. इथे कण नव्हतेच, तंतूच रंगले होते. हे जंगाल. तांब्याच्या पत्र्यांना व्हिनेगरची वाफ देऊन मिळणारी तांब्याची ॲसिटेटं म्हणजे जंगाल. नकाशे रंगवणारे त्यात क्रीम ऑफ टार्टर घालून ते उकळत. खाली छापलेल्या रेषा झाकणार नाही असा पातळ, पारदर्शक हिरवा त्यातून मिळे. पण तो पातळ म्हणूनच कागदात मुरतो. मग तांब्याचे आयन कागदाच्या तंतूंमधल्या सेल्युलोजच्या ऑक्सिडेशनला हातभार लावत राहतात, त्याच्या साखळ्या तुटत जातात. ओलावा मिळाला की हे आयन सरकतात आणि शेजारच्या धडधाकट कागदातही शिरतात. सुईच्या टोकाएवढा ओलसर टिपकागद त्या पट्ट्याला क्षणभर टेकवून पाहिला. त्यावर फिकट हिरवा ठिपका उमटला. मी डबा बंद केला.

आता प्रश्न उरला होता तो उजवीकडच्या तुकड्याचा. तिथली सीमा जास्त झळझळीत हिरवी होती आणि तिच्याखालचा कागद मात्र स्वच्छ, मजबूत. एकाच पानावर, एकाच सीमेवर हा फरक का? एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र, लावलं. दोन्हीकडे 8.05 केईव्हीला (केईव्ही हे ऊर्जेचं एकक) तांब्याचं शिखर आलं, पण झळझळीत भागात 10.5 च्या आसपास आणखी एक आलं. मी पहिल्यांदा शिसं समजले, रंगात सफेदा, म्हणजे शिशाचा पांढरा रंग, मिसळला असेल म्हणून. शिशाचं आणि आर्सेनिकचं मुख्य शिखर इथे एकमेकांवर पडतं, त्यामुळे या एका शिखरावर कधीच निकाल देऊ नये. शिसं असतं तर 12.6 लाही शिखर हवं होतं. ते नव्हतं. 11.7 ला होतं. आर्सेनिक.

तांबं आणि आर्सेनिक एकत्र म्हटल्यावर दोन रंग आठवतात, 1775 चा शीलेचा हिरवा आणि 1814 पासून बाजारात आलेला एमराल्ड ग्रीन. सुटलेला एक कण ध्रुवीकरण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर लहान लहान गोल दाणे दिसले. एमराल्ड ग्रीनची ही खूणच आहे. आम्ही दोघींनी लगेच नायट्राइलचे हातमोजे चढवले. कोरड्या ब्रशने धूळ झटकण्याचा बेतही रद्द केला.

मग मी पान प्रकाशपेटीवर ठेवलं आणि सगळं एकदम उलगडलं. मूळ कागदात साच्याच्या उभ्या-आडव्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. एमराल्ड ग्रीनखालच्या भागात एकही नव्हती. तो कागद नंतरचा, सुबक बसवलेला तुकडा होता. त्यावरच्या डोंगर-नद्यांच्या रेषा छापलेल्या नव्हत्या, बारीक लेखणीने काढलेल्या होत्या. इतक्या सफाईने, की तासभर मी त्यांना छपाईच समजत होते.

ॲटलासमध्ये पान मधोमध दुमडलेलं असतं, त्यामुळे एका अर्ध्यावरचा रंग समोरच्या अर्ध्याला टेकून राहतो. दुसऱ्या अर्ध्यावर एक पुसट तपकिरी रेघ होती. सकाळी मी ती दमटपणाचा डाग म्हणून नोंदवली होती. आता आरशातल्या प्रतिमेसारखी जुळवून पाहिली, तर ती संपूर्ण सीमा होती, नव्या तुकड्याच्या जागेसकट. म्हणजे जंगालाने हा कोपरा एकदा आधीच खाल्ला होता. 1814 नंतर कधीतरी कुणीतरी मन लावून तो भरला आणि त्या काळच्या हिरव्याने रंगवला. आणि यावेळी प्रांत तुटला होता तो नेमका त्या जोडाच्या कडेने, जिथे ओल्या खळीच्या पाण्याने तांबं पुढे ढकलल्यासारखी तपकिरी लाट दिसत होती. त्या माणसाला दोष द्यावासा मला वाटत नाही. सकाळी मीही तेच करायला निघाले होते.

दुपारी पातळ जपानी कागदाला जिलेटिन लावून वाळवलं. त्याच्या तीन-चार मिलिमीटरच्या पट्ट्या कापल्या. जेमतेम दमट टिपकागदावर पट्टी क्षणभर टेकवायची, चिकट झाली की मागच्या बाजूने बसवायची आणि वजन ठेवायचं. पाणी कागदात उतरायला वेळच मिळत नाही. एकेक पट्टी सुकेपर्यंत थांबत संध्याकाळ झाली.

मालकांना गळलेला हिरवा पुन्हा भरून हवा होता, आणि तो विषारी तुकडा काढून टाकलेला. मी दोन्हीला नकार दिला. तुकडा काढायचा तर पाणी लागणार, शिवाय ते हस्तकौशल्यही आता त्या नकाशाचाच भाग आहे. पान न दुमडता सपाट पेटीत ठेवलं, दमटपणात चढ-उतार होणार नाहीत अशा थंड, अंधाऱ्या जागी. झाकणावर ठळक लिहिलं: "आर्सेनिकयुक्त रंग. हातमोजे घाला. पाणी लावू नये." त्या मुलीने खाली आपणहून भर घातली: "आधी मागची बाजू पाहा."